आजीच्या पायांनी आखलेली सहल

११ जानेवारी, रविवार

धाकटी बहीण काल रात्री पुण्याहून मुलांना घेऊन आली. उत्तरायणला वडोदऱ्याला ये म्हणून तिला दरवर्षी सांगते, यंदा जमलं. पतंग, उंधियू, गच्ची हे सगळं ठरलेलंच आहे, पण भाच्याने येतानाच गाडीत आईकडून एक दिवस मागून घेतलाय. आज सकाळी चहाच्या वेळी त्याने तो माझ्यासमोर मांडला. "मावशी, मला जंगल बघायचंय. पिंजरे नकोत."

सहा वर्षांच्या मुलाला पिंजरा नको वाटतो, हे मला फार आवडलं. त्यामुळे केवडियाची जंगल सफारी एकमताने ठरली. आमच्याकडून नव्वदेक किलोमीटर, डभोईवरून रस्ता. २०२० साली ते प्राणी उद्यान सुरू झालं, तेव्हापासून जाऊ जाऊ म्हणत राहिलोय.

ठरल्यावर मात्र ह्यांनी मोबाईल उघडला आणि यादी वाढत गेली. तिथवर जातोच आहोत तर सरदार पटेलांचा पुतळा, धरण, फुलांची दरी, बोट आणि संध्याकाळचा लेझर शो. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, एका दिवसात एकच. मुलं मोठ्यांच्या यादीमागे धावत सुटली की त्यांना काहीच धड दिसत नाही. १८२ मीटरचा पुतळा काय, रस्त्यावरूनही दिसेल.

यावर आई, म्हणजे सासूबाई, हळूच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. माझ्या गुडघ्यांमुळे तुमचा खोळंबा व्हायचा."

मला ते आतपर्यंत लागलं. ह्याच बाईने दांडिया बाजारातल्या घरातून ह्यांना आणि नणंदेला हाताला धरून चालत इथल्या कमाटी बागेतल्या प्राणिसंग्रहालयात नेलंय, त्यांच्या शाळेच्या वयात जवळजवळ दर रविवारी. वाघ दाखवायला खांद्यावर घेतलंय. आता नातवंडांनी वाघ बघायचा आणि त्यांनी घरी दूधवाल्याची वाट बघायची? मी सांगून टाकलं, आई नसतील तर सहल नाही. सगळा बेत त्यांच्या पायांपासून आखायचा, मग बाकीच्यांचं.

१२ जानेवारी, सोमवार

आज नुसती चौकशी. ते उद्यान पसरलंय ३७५ एकरांवर, आणि सपाटीवर नाही. डोंगराच्या उतारावर सात पातळ्या आहेत, सगळ्यात खालची २९ मीटर उंचीवर, सगळ्यात वरची १८० मीटरवर. हे आकडे वाचून ह्यांचा चेहरा उतरला, मला उलट बरं वाटलं. आधी कळलं की तयारी करता येते.

आज जायचा प्रश्नच नव्हता, सोमवारी तिथे सुट्टी असते. भाच्याने विचारलं, "प्राण्यांना पण सुट्टी असते?" असते. आपल्या देशातल्या प्राणी उद्यानांसाठी केंद्राचे नियम आहेत, त्यात आठवड्यातून निदान एक दिवस लोकांसाठी दार बंद ठेवायलाच हवं असं लिहिलंय. त्या दिवशी झाडलोट, दुरुस्ती होत असेल, पण मुख्य म्हणजे दिवसभर कुणी टक लावून बघत नाही. त्याला हे इतकं पटलं की जेवताना त्याने आपल्या आईला दोनदा सांगितलं.

तारखेवरून थोडं झालं. बुधवारी १४ला उत्तरायण, गच्ची सोडून कुणी हलणार नाही. गुरुवारी वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस, तरी ह्यांचं म्हणणं पडलं की दुपारनंतर पतंगांचा जोर ओसरतो, लवकर निघून जाऊन येऊ. आईंनी साफ नाही म्हटलं. गुरुवारी किंक्रांत. करिदिनाला घरातून प्रवासाला निघायचं नाही. धाकटी हसली नाही, मीही वाद घातला नाही. शिवाय त्या दोन दिवसांत रस्त्यावर आडवा मांजा असतो आणि वर बघत धावणारी पोरं असतात. शनिवार-रविवारी गर्दी. राहिला शुक्रवार. मुलांची एक दिवस शाळा बुडेल, बुडू दे.

तिकिटं ऑनलाईन, वेळेच्या स्लॉटप्रमाणे मिळतात. सकाळचा पहिला स्लॉट घेतला. त्यावरून कुरकुर झाली, थंडीत इतक्या लवकर कशाला म्हणून. पण सिंह दिवसातले सोळा ते वीस तास झोपतो. बिबट्या मुळात रात्रीचा. आपण आरामात नाश्ता करून, बाराच्या उन्हात पोचायचं आणि "सगळे झोपलेलेच होते" म्हणत परत यायचं, असं किती जणांकडून ऐकलंय. जानेवारीच्या सकाळी मोठी जनावरं उन्हाला बाहेर येतात. म्हणून वाघ, सिंह, बिबट्या सगळ्यात आधी. ऊन चढलं की पक्ष्यांचे ते दोन मोठे घुमट, एक इथल्या पक्ष्यांचा, एक परदेशातल्या. जिराफ आणि झेब्रे शेवटी ठेवले तरी चालतात, जिराफाचं बहुतेक सगळा दिवस चरणंच चालू असतं. दमलेल्या मुलाला काहीतरी हलणारं, चघळणारं दिसायला हवं.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

आज सकाळी कमाटी बागेत रंगीत तालीम केली. कल्पना माझी. आई किती चालू शकतात हे त्यांना विचारून कळत नाही, त्या "मी ठीक आहे" एवढंच सांगतात. बघावंच लागतं.

बाग ओळखीची असली की पाय निर्धास्त पडतात. सयाजीरावांनी १८७९ साली ही बाग लोकांसाठी केली आणि प्राणिसंग्रहालयही तेव्हापासूनचं. महाराज तेव्हा सोळाच्या आसपासचे, कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१ला. आई मुलांना जुन्या गजांच्या पिंजऱ्यांबद्दल सांगत होत्या, वाघ कसा ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत राहायचा. माझ्या लेकीने विचारलं की मग गज काढायची कल्पना कुणाची. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. जर्मनीत हॅम्बुर्गला कार्ल हागेनबेक नावाच्या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने १९०७ साली असं उद्यान उघडलं, जिथे प्राणी आणि माणसं यांच्यामध्ये गजांऐवजी खोल खंदक होते. केवडियाला आपण जे जंगलासारखं बघणार, त्याची सुरुवात तिथली.

आता पायांचं. सपाट रस्त्यावर आई छान चालल्या, मध्ये दोनदा बाकावर बसल्या तेवढंच. चढाला सावकाश, पण चेहऱ्यावर त्रास नाही. उतरताना मात्र मी शेजारी होते म्हणून दिसलं, पाऊल टाकायच्या आधी त्या प्रत्येक वेळी ओठ घट्ट मिटत होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "चढताना दम लागतो गं, तो बसलं की जातो. उतरताना सगळं वजन गुडघ्यावर येतं." म्हणजे ह्यांचा बेत उलटा होता. ते म्हणत होते वर बॅटरीच्या गाडीने जाऊ आणि उताराने मजेत चालत येऊ. आता ठरलं की चढण बसत-उठत पायी, आणि उताराला गाडी. सोबत माळ्यावरचं घडीचं स्टूल घ्यायचं. सासऱ्यांचं आहे ते, कॅनव्हास थोडा विरलाय, आज दुपारी मी आतून जाड कापडाची पट्टी शिवून घेतली.

पण आजची खरी गोष्ट पुलावर घडली.

बागेच्या मधून विश्वामित्री जाते आणि तिच्यात मगरी आहेत, कुणी आणून सोडलेल्या नाहीत, नदीच्याच. वडोदऱ्याच्या माणसाला यात नवल नाही. २०२४च्या ऑगस्टच्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या, एक तर छपरावर जाऊन बसली. पुण्याच्या मुलाला मात्र शहराच्या मधोमध रानटी मगर ही गोष्ट खरीच वाटेना. हिवाळ्यात ऊन तापायला लागलं की त्या काठावर येतात, म्हणून आम्ही मुद्दाम पुलावर थांबलो.

त्याला काही दिसेना. "कुठाय? कुठाय?" चालू झालं. धाकटी बोट दाखवून दमली. मग आईंनी त्याला कठड्याशी घेतलं. "बोटाकडे बघू नकोस. तो पांढरा बगळा दिसतोय? आता त्याच्या डावीकडे बघ. हलतंय ते सोडून दे, जे हलत नाही ते बघ." तो गप्प झाला. बराच वेळ गप्प. चिखलाच्याच रंगाची मगर होती, शेपटी पाण्यात, जबडा उघडा ठेवून पडलेली. अंग तापलं की त्या असा जबडा उघडा ठेवतात. आधी त्याला दात दिसले. त्याने आजीचा पदर घट्ट धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजी, ती आपल्याकडे बघतेय." ओरडू नकोस असं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या तीन-चार पोरांनी खडे मारायला सुरुवात केली, ती हलावी म्हणून. आई एरवी कुणाला बोलायच्या नाहीत. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "रहेवा दो ने, भाई. ए एना घरमां छे." राहू दे ना, ती तिच्या घरात आहे. पोरं ओशाळली, हात झटकून निघून गेली.

घरी येताना मी मुलांना सांगितलं की प्राणी उद्यानात प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, १९७२च्या कायद्यात त्याचं वेगळं कलमच आहे. लेक लगेच म्हणाली, मग लोक शिट्ट्या का मारतात? मारतात, कारण पैसे भरलेत म्हणजे वाघाने समोर यायलाच हवं असं त्यांना वाटतं. मला ह्या गोष्टीचा मनापासून राग येतो. जंगलासारखी जागा केली म्हणजे त्या जनावराला झुडपामागे जायची मुभा दिली. ती मुभा काढून घेतली तर उरतो तो पुन्हा पिंजराच, फक्त हिरवा. शुक्रवारी एखादा बिबट्या दिसला नाही तर नाही. भाच्याशी मी आत्ताच बोलून ठेवलंय. तो म्हणाला, "मग आपण बगळ्यापासून बघू." आजीचं त्याने नीट ऐकलं होतं.

संध्याकाळी भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. सगळे पोटभर जेवले.

१५ जानेवारी, गुरुवार, रात्री

कालचा दिवस गच्चीवरच गेला, लिहायला सवड झाली नाही. एकच नोंदवते. दुपारी शेजारच्या गच्चीच्या पाइपला मांज्यात अडकलेलं कबुतर फडफडत होतं. लेकीने मोबाईलवर नंबर शोधून फोन केला. आपल्याकडे १० ते २० जानेवारी करुणा अभियान असतं, जखमी पक्ष्यांसाठीच. दोन मुलं कात्री आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली. पंखाखालचा मांजा ओढला नाही, जिथे रुतला होता तिथून दोन्ही बाजूंनी कापला, मग कबुतराला अंधार होईल असं खोकं बंद केलं. अंधारात पक्षी शांत होतो, असं ती मुलं म्हणाली. भाच्याने त्यानंतर आपली फिरकी गुंडाळून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, आणि मग कुणी त्याला पुन्हा उडव असाही आग्रह केला नाही.

उद्याचं सगळं तयार आहे. रेल्वेचाही विचार झाला होता, इथल्या प्रतापनगर स्टेशनहून एकता नगरला, म्हणजे केवडियालाच, गाडी जाते, पण आईंना मधे हवं तिथे थांबता यावं म्हणून मोटारच बरी. डभोईला चहा. तिथे मुलांना सांगायचंय की १८६२ साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम रेल्वे सुरू केली तेव्हा डबे बैल ओढायचे. हे ऐकून ती डभोईपर्यंत तरी जागी राहतील.

डब्याची जबाबदारी माझी. गुळपोळ्या कालच्याच आहेत, त्या प्रवासाला उत्तम, फक्त एकावर एक दाबायच्या नाहीत. मलमलच्या फडक्यात सैल गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्यात. बटाट्याची सुकी भाजी, छुंदा, आईंसाठी दहीभात वेगळा. डबा गाडीतच राहील, बाहेर आल्यावर झाडाखाली सतरंजी टाकून जेवू. आत फक्त पाणी, आईंच्या गोळ्या, मुलांच्या टोप्या आणि स्टूल. दुर्बीण एकच आहे, ती पाळीपाळीने. पहिली पाळी आजीची, हे भाच्याने परस्पर जाहीर केलंय.

आईंनी आज नऊवारीची घडी मोडून बघितली आणि मग परत ठेवली, उद्या पाचवारी आणि बूट म्हणाल्या. बूट नणंदेने गेल्या वर्षी आणलेले, खोक्यात तसेच पडले होते. संध्याकाळी हॉलमध्ये घालून चालल्या, पुढे अंगठ्याला थोडे लागत होते. जाड मोजे काढून पातळ घातल्यावर ठीक झाले.

गजर पाचचा लावलाय. थेपल्याचं पीठ रात्री मळून ठेवणार नाही, मेथीला पाणी सुटून ते सैल पडतं. मेथी निवडून, धुवून फडक्यावर पसरलीय, पहाटे उठून मळेन.