बाजार उठल्यानंतरचं न्यूरेंबर्ग: नाताळात लेकीकडे जाणाऱ्या आईवडलांसाठी

२०२५ची दिवाळी आमच्याकडे नावापुरतीच झाली. पारोळ्याजवळच्या शेतात सप्टेंबरच्या पावसानं बोंडं सडवली, आणि जो कापूस फुटला तो दिवाळीनंतरच्या अवकाळीनं झाडावरच भिजवला. पिवळा पडलेला कापूस व्यापाऱ्यापुढे नेला की तो आधी नाक मुरडतो, मग भाव पाडतो. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ८,११० रुपये क्विंटल, पण सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. त्यात परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलेलं. पणत्या लावल्या, फराळ केला, पण घरात कुणाचं लक्ष लागलं नाही. पाडव्याला हे दिवसभर शेतातच होते.

जर्मनीला लेकीकडे जायचं मात्र उन्हाळ्यातच ठरलं होतं. ती न्यूरेंबर्गला परिचारिका आहे. नोव्हेंबरच्या शेवटी निघायचा बेत होता. वेचणी लांबली, मजूर मिळेनात, म्हणून तिकिटं पुढे ढकलावी लागली ती थेट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. बदललेल्या तारखा पाहून एजंट म्हणाला, "ताई, उलट चांगलं झालं. नाताळ म्हणजे तिकडची दिवाळी. एकतीस तारखेपर्यंत नुसता झगमगाट असतो."

असं नसतं, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच. आपल्या खान्देशातून आता घरटी कुणी ना कुणी बाहेरदेशी आहे. आईवडील आयुष्यात एकदाच जातात, तेही सुट्टीचा काळ म्हणून डिसेंबरात. त्यांच्यावर आमच्यासारखी वेळ येऊ नये.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाजारपेठ गजबजलेली असते. जर्मनीत नाताळ हा दार लावून घरात बसायचा सण आहे. गर्दी, दिवे, खाणंपिणं, खरेदी हे सगळं नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत उरकतं. न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार जर्मनीतल्या सर्वांत नावाजलेल्या बाजारांपैकी एक, त्याचा लेखी पुरावा १६२८ सालापासूनचा. तो नोव्हेंबरअखेरच्या शुक्रवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला दुपारी दोन वाजता बंद होतो. त्याच सुमाराला शहरातली दुकानं शटर ओढतात. मग २५ आणि २६ दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. रविवारी तिथे दुकानं बंदच असतात, १ जानेवारी बंद, आणि न्यूरेंबर्ग ज्या बायर्न राज्यात आहे तिथे ६ जानेवारीही सणाची सुट्टी. आम्ही होतो त्या काळात २८ डिसेंबर आणि ४ जानेवारी हे रविवार आले. म्हणजे ज्या पंधरवड्याला एजंट झगमगाट म्हणत होता, त्यातला निम्मा काळ कुलपातच.

बाजार बघायला मिळाला तो २३ तारखेच्या संध्याकाळी, लेक ड्यूटीवरून आल्यावर. फ्राउएनकिर्श नावाच्या जुन्या चर्चसमोरच्या चौकात लाकडी टपऱ्यांच्या रांगा, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. सगळ्या टपऱ्या एकसारख्या. भडक पाट्या नाहीत, कर्णे नाहीत. गर्दी इतकी की थांबून काही बघायचं म्हटलं तरी मागचा माणूस पुढे ढकलतो. एका टपरीवर मात्र मी हटून उभी राहिले. सुकवलेल्या आलुबुखारांच्या बाहुल्या होत्या. तारेत काळी सुरकुतलेली फळं ओवून हातपाय केलेले, डोक्याच्या जागी अक्रोड, त्यावर रंगानं डोळे आणि तोंड. कुणी धुराडं साफ करणारा, कुणी शेतकरीण टोपली घेऊन, एक म्हातारं जोडपं बाकावर बसलेलं. विकणारी बाई साठीची असेल. मी एक बाहुली हातात घेतली तर तिनं माझं बोट अलगद धरून अक्रोडावरून फिरवलं, भेगेच्या दोन बाजूंना दोन गाल कसे आलेत ते दाखवायला. एवढ्या थंडीत तिची बोटं उघडी होती. त्या संध्याकाळचं मला तेवढंच नीट आठवतं. बाकी सगळी रेटारेट.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, गर्दी नसेल तेव्हा जाऊ. जेवण करून दीडच्या सुमारास गेलो तर टपऱ्यावाले माल खोक्यांत भरत होते.

लेकीला २४ची रात्रपाळी आणि २५लाही काम लागलं. लहान मुलं असलेल्या सहकाऱ्यांना आधी सुट्टी, हे मला पटतं. तरी दोन वर्षांनी भेटलेली पोर सणाच्या रात्री डबा घेऊन निघाली तेव्हा दारात उभं राहणं जड गेलं. २५ला आम्ही दोघंच बाहेर पडलो. उणे तापमान, वारा बोचरा, आणि बर्फ मात्र पडलेलं नाही. बर्फाच्या आशेनं जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: सखल भागातल्या शहरांत नाताळाला बर्फ दिसेलच असं नाही, बर्फ हवं तर आल्प्सकडे जावं लागतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर तो रस्ता पाहिला आणि अहिराणीत विचारलं, "बठ्ठं (सगळं) बंद शे? सण ना दिन शे ना आज?"

त्यातच २७ तारखेचा दिवस. एजंटानं पॅकेजमध्ये 'रोथेनबर्गचा नाताळ बाजार' म्हणून बसची सहल घातली होती, पैसे आधीच घेतलेले. तो बाजार २३ डिसेंबरलाच संपतो. चौकात टपऱ्यांचे सांगाडे उतरवणं चाललं होतं. तिथून एजंटाला फोन केला तर "तिकडच्या लोकांनी बदललं असेल" एवढंच उत्तर. बदललं काही नव्हतं, तारखा कित्येक महिने आधी जाहीर असतात. कुठल्याही शहराच्या बाजाराची शेवटची तारीख त्या शहराच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा, पोरांना बघायला सांगा आणि मगच पैसे द्या. रोथेनबर्ग गाव म्हणून सुंदरच आहे. जुन्या तटावरून छपराखालून चालत जाता येतं, त्याला तिकीट नाही. बाजार नाही हे आधी माहीत असतं तर मन भरून बघितलं असतं.

आता पुढे जाणाऱ्यांसाठी. सगळ्यात आधी तारखा. २०२६मध्ये दिवाळीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. न्यूरेंबर्गचा बाजार रिवाजाप्रमाणे २७ नोव्हेंबरच्या शुक्रवारी सुरू व्हावा. फराळ आटोपून नोव्हेंबरअखेर निघा, डिसेंबरचे पहिले पंधरा दिवस तिथे काढा आणि बाजार सोमवार ते गुरुवार, दुपारच्या वेळी बघा. शनिवार-रविवारी आणि शेवटच्या आठवड्यात गर्दी असह्य होते. आणखी एक फायदा: २०२६मध्ये दत्तजयंती डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात येते, म्हणजे परत येऊन सारंगखेड्याची यात्राही गाठता येईल. नाताळातच जाणं भाग असेल तर हे बघून ठेवा: २०२६मध्ये २५ला शुक्रवार, २६ला शनिवार, २७ला रविवार. सलग तीन दिवस दुकानं बंद. दूध, भाजी, पीठ, औषधं २३लाच घरात हवीत. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्थानकातली काही दुकानं आणि बेकऱ्या सुट्टीच्या दिवशीही थोडा वेळ उघडतात. औषधांच्या दुकानांची रात्रीची आणि सुट्टीची पाळी ठरलेली असते, प्रत्येक दुकानाच्या दारावर त्या दिवशी कोणतं उघडं आहे ते लिहिलेलं असतं. तातडीसाठी ११२, आणि जिवावरचं नसेल पण डॉक्टर हवाच असेल तर ११६११७. हे दोन्ही आकडे आम्ही कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावले होते.

उजेडाचा हिशेबही लागतो. डिसेंबरअखेर तिथे सूर्य आठच्या पुढे उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. आपल्यासारख्या पहाटे उठणाऱ्या माणसांना ती काळोखी सकाळ खायला उठते. बाहेरचं जे काही असेल ते अकरा ते तीनमध्ये उरका. आमच्या जळगाव-धुळ्याची थंडी आठ-दहा अंशांवर गेली की शेकोट्या पेटतात, म्हणून थंडीची सवय आहे असं कुणी म्हणू नये. एका जाड स्वेटरपेक्षा अंगालगत थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट हे बरं. आणि बूट खाली खरबरीत तळाचे हवेत, कारण फरशीवरचं दव गोठून निसरडं होतं.

व्हिसासाठी शेतकरी कुटुंबाला वेगळी तयारी लागते. पगाराची स्लिप नसते, म्हणून आम्ही सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर, बँकेचे उतारे, विवरणपत्रं आणि कापूसविक्रीच्या पावत्या जोडल्या. लेकीनं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून आमच्या खर्चाचं अधिकृत हमीपत्र काढून पाठवलं, त्याला २९ युरो लागतात. साध्या आमंत्रणपत्रापेक्षा ते फार वजनदार ठरतं. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचं, शुल्क माणशी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; हिवाळ्यासाठी गणपतीच्या आधीच भेटीची वेळ घेऊन ठेवा. ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांच्या ठशांची तपासणी अशी नवी नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबतात. पुढचं विमान किंवा गाडी लगेचची ठेवू नका.

सामानाबद्दल आया सगळ्यात जास्त चुकीचं ऐकतात. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, म्हणजे भरिताची वांगी आणि मेहरूणची बोरं नेता येत नाहीत. पण अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळी या पाच फळांना त्यातून सूट आहे. आपली केळी चालतात! रावेरची केळी मी हिरवट असतानाच कागदात गुंडाळून नेली. लेकीनं पिशवी उघडून आधी वास घेतला, मग सोलायला लागली. शिवाय दादर ज्वारीचं पीठ, बिबड्या (ज्वारीचे पापड), शेव, काळा मसाला हे सगळं निर्धास्त न्या. शेवभाजी केली त्या दिवशी तिच्या दोन सहकारी मैत्रिणी जेवायला होत्या, दोघींनी रस्सा मागून घेतला. भरीत तुर्की दुकानातल्या वांग्याचं ओव्हनमध्ये भाजून केलं. खाल्लं, पण शेतातल्या पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावरचा धूर त्यात कुठून येणार.

बाजारात शाकाहारी माणसाचं भागतं. बटाट्याचे किसून तळलेले पॅटिस सफरचंदाच्या गरासोबत मिळतात, भाजलेले चेस्टनट आणि साखरेत परतलेले बदाम मिळतात. लेबकुखेन नावाची तिथली प्रसिद्ध मसाल्याची बिस्किटं बहुधा अंडं घालून केलेली असतात, विचारून घ्या. गरम वाइन नको असेल तर 'किंडरपुन्श' मागा, ते बिनदारूचं. पेल्यासाठी अनामत घेतात, पेला परत केला की पैसे परत. रोख सुट्टे युरो जवळ असू द्या. आम्ही गेलो तेव्हा एक युरो साधारण १०५ रुपयांना पडत होता, त्यामुळे प्रत्येक खरेदीला मनात शंभरनं गुणायची सवय लागली आणि पुष्कळ गोष्टी हातातून खाली ठेवल्या गेल्या.

बंद दिवसांत काय करावं, याचं आम्हाला सापडलेलं उत्तर म्हणजे बांबर्ग. २६ तारखेला लेकीला सुट्टी मिळाली आणि तिघं साध्या गाडीनं तिथे गेलो. तासाभराच्या आतलं अंतर. पाचजणांपर्यंत चालणारं, राज्यभर साध्या गाड्यांना दिवसभर लागू असणारं बायर्न तिकीट सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासूनच लागू असतं, एरवी कामाच्या दिवशी सकाळी नऊपासून. या गावाचा जुना भाग १९९३पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण आम्हाला बघायचे होते ते चर्चमधले येशूजन्माचे देखावे. ६ जानेवारीपर्यंत गावभर ते मांडलेले असतात आणि लोक एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये चालत बघत जातात, अगदी आपण गणपतीत मंडळांचे देखावे बघत हिंडतो तसे. एका देखाव्यात गोठा, मेंढ्या, आणि मागे नाताळाशी काही संबंध नसलेली एक बाई विहिरीवर पाणी शेंदताना. हे तिच्यापुढे बराच वेळ उभे होते. संपूर्ण प्रवासात त्यांनी आपणहून फोटो काढला तो तेवढाच. आत यायला कुणी अडवत नाही, फक्त प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावं आणि पेटीत एखादं नाणं टाकावं.

परतीचं विमान म्युनिकहून असेल तर एक गोष्ट पक्की करा. सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या गाड्या कमी असतात. न्यूरेंबर्ग ते म्युनिक जलद गाडीनं तासाभराहून थोडं जास्त, आणि तिथून विमानतळ आणखी पाऊण तास. आमची तारीख ७ जानेवारी होती ते बरं झालं. ६ला निघणाऱ्यांनी आदल्या दिवशीच त्या दिवसाचं वेळापत्रक बघून ठेवावं. आणि मुंबईला उतरून रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसनं जळगाव गाठायचं असेल तर विमान उशिरा आलं तरी गाडी सापडेल एवढा वेळ मधे ठेवा, त्या दिवसांत तत्काळचं तिकीटही हाती लागत नाही.