गुड्डूचं घोरणं

आमचा पग जातीचा कुत्रा गुड्डू घोरायचा आणि आम्ही त्याचे व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायचो. शेजारच्या काकू म्हणायच्या, "काहून घोरते हो हे, आमच्या ह्यांच्यावानी?"

नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाळ्यातल्या, एका रात्री दोनला पाणी प्यायला उठलो. कूलरसमोर गुड्डू बसल्या बसल्या झोपलेला. हनुवटी स्टँडच्या पट्टीवर, दातांत रबरी चेंडू. घोरणं अचानक थांबलं. पोट हलत होतं, पण आवाज नाही. मी आठपर्यंत मोजलं. मग खर्रकन श्वास ओढत तो दचकून उठला, चेंडू घरंगळला. तो शोधून त्याने पुन्हा तोंडात धरला.

एका डॉक्टरांनी खोकल्याचं सिरप दिलं. ते वाया गेलं. दुसऱ्यांना मी रात्रीचा व्हिडिओच दाखवला; टेबलावर टक्क जागा असलेल्या कुत्र्यात काय दिसणार? "चेंडू रोज धरतो?" त्यांनी विचारलं. तोंड उघडं राहावं म्हणून धरायचा तो! आम्ही लाड समजत होतो. नाकपुड्या नुसत्या फटी. टाळूचा मागचा मऊ भागही लांब असणार, म्हणाले. झोपेत स्नायू सैलावले की तो श्वासाची वाट अडवतो. पण ते भूल दिल्यावरच नीट दिसतं.

आधी वजन. ११ किलो! पगचं ६ ते ८ हवं. आईची तूप-पोळी बंद करणं ऑपरेशनहून अवघड गेलं. "मुकं जनावर उपाशी ठेवतोस," हे रोज ऐकलं. गळपट्ट्याऐवजी हार्नेस, फिरणं पहाटे पाचला, आणि गाढ झोपेतले श्वास मोजायचे: मिनिटाला ३० च्या आत हवेत. जुलैच्या दमट हवेत कूलरचा उपयोग होईना. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो, दमट हवेत ते नीट जमत नाही. बाबांनी दहा वर्षं टाळलेला एसी शेवटी गुड्डूसाठी आला.

डिसेंबरात साडेआठ किलोवर ऑपरेशन झालं. नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा वाढलेला भाग छाटला. खरी धास्ती शुद्धीवर येतानाची होती, कारण सुजेने श्वास अडू शकतो. गुड्डू पुरता जागा होऊन श्वासासाठी घातलेली नळी चावायला लागला, तेव्हाच ती घशातून काढली. पुढचे काही दिवस मऊ खाण्याचे छोटे गोळे.

घरी आल्यावर तिसऱ्या रात्री इतकं सामसूम होतं की मी तीनदा उठून त्याच्या नाकासमोर हात धरला. चेंडू दिवाणाखाली पडला होता.