शंभरावं पाऊल

आमच्या डोंबिवलीच्या घरात ओट्यापासून दारापर्यंत अकरा पावलं होती. म्हणजे बाबांची अकरा, माझी तेव्हा सोळा-सतरा होत असतील. रात्री ताकाची वाटी मोरीत गेली की बाबा पाठीमागे हात बांधून शतपावलीला निघायचे. अकरा जायची, अकरा यायची. अशा नऊ खेपा झाल्या की नव्व्याण्णव पावलं होत आणि बाबा बरोबर दाराशी येऊन ठेपत. शंभरावं टाकायला घरच उरलेलं नसे. मग ते कडी काढून शंभरावं पाऊल उंबऱ्याबाहेर टाकत.

बाहेर समोरचे काका दात कोरत उभेच.

“झालं जेवण?”

“झालं. तुमच्याकडे काय होतं?”

“पडवळ.”

पडवळापासून निघालेली गाडी पाण्याच्या टाकीवरून लोकलच्या नव्या टाइमटेबलपर्यंत जाई. आई आतून म्हणायची, “नव्व्याण्णव पावलांना दोन मिनिटं आणि एका पावलाला अर्धा तास!”

बाबांच्या स्लिपर फरशीवर चटचट वाजत. खालच्या काकूंची त्याबद्दल तक्रार नव्हती. उलट ती चटचट ऐकली की त्यांना दुधाला विरजण लावायचं आठवे. एकदा बाबा लग्नाला पुण्याला गेले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वाटी घेऊन दारात. “भाऊजी नव्हते का हो काल? दहीच नाही लागलं आमच्याकडे.”

‘भुक्त्वा शतपदं गच्छेत्’ हे बाबांचं पाठ वचन. पाठ तर वामकुक्षीही होती. ती मात्र डाव्या कुशीवर सुरू होऊन दोन तासांनी उताणी, घोरत संपायची. शास्त्र कुठे काटेकोर पाळायचं आणि कुठे मोठ्या मनानं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

गेल्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. “उंबरठ्यावर आहात,” डॉक्टर म्हणाले. मी आमच्या पिढीला शोभेलसं केलं : घड्याळ घेतलं. रोज दहा हजार पावलं! हा आकडा मी वैद्यकाचा समजत होतो. तो निघाला जपानचा. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे व्यायामाचं वारं होतं. १९६५ साली यामासा कंपनीनं कमरेला लावायचं एक पाऊलमोजणं काढलं. त्याचं नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव झोकदार, आकडा गोल, तो चिकटला तो आजवर.

घड्याळाचा भोळेपणाही लवकरच कळला. कणीक मळली की पावलं वाढत. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवून मी जागच्या जागी पाचशे पावलं चाललो. उलट भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन जिना चढलो, तर हात हलले नाहीत म्हणून हिशेबात जवळजवळ शून्य.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, “जेवल्यावर काय करता?”

“बसतो.”

“तिथेच जरा चाला.”

जेवणानंतरच्या तासाभरात रक्तातली साखर चढत असते. चालणारे स्नायू ती उचलून वापरतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. दोन-पाच मिनिटं रमतगमत चाललं तरी फरक पडतो. घाम गाळायचा नाही, बूट शोधायचे नाहीत. ताट उचललं की आठवण आपोआप होते. मी मात्र दहा हजारांच्या मागे लागून नेमकी ही शंभर सोडली होती.

आता चौदाव्या मजल्यावरच्या माझ्या घरात ओट्यापासून दारापर्यंत तेरा पावलं भरतात. सात खेपांत एक्क्याण्णव होतात आणि मीही दाराशी येतो. उरलेली नऊ कॉरिडॉरमध्ये टाकावी लागतात. पुढे गेलं की दिवा आपोआप लागतो. दोन्हीकडे बंद दारं आणि चपलांचे रॅक. परवा सत्त्याण्णवाला समोरचं दार उघडलं. कानात इअरफोन घातलेला एक तरुण कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला. दीड वर्ष आम्ही एकमेकांना लिफ्टमध्ये नुसती मान हलवत होतो.

“झालं जेवण?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं एका कानातलं काढलं. “अं?”

“जेवण. झालं का?”

“हो, झालं.” मग जरा ओशाळून, “मॅगी.”