स्टारफायटरची परदेशी रूपे : 1/48 मालिकेची चौथी नोंद

मागील नोंदीच्या वेळी स्पेनच्या विमानाच्या मॉडेलचे धड जोडून झाले होते आणि डेन्मार्कच्या विमानावर पुट्टी वाळत होती. त्यानंतरच्या पाच महिन्यांत स्पेनचे विमान कपाटात जाऊन बसले, डेन्मार्कचे रंगापर्यंत आले, जर्मन नौदलाचे जवळपास पूर्ण झाले आणि पाकिस्तानच्या विमानाची पहिली जोडणी सुरू झाली. ही नोंद प्रथमच वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचे एफ-104 स्टारफायटर हे लढाऊ विमान अमेरिकेबाहेर ज्या चौदा देशांच्या हवाई दलांनी वापरले, त्या प्रत्येकाच्या एकेका विमानाचे मॉडेल 1/48 या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढे, करावे, असा संकल्प आहे. एकूण 2,578 स्टारफायटर बांधली गेली आणि खुद्द अमेरिकी हवाई दलाने त्यांपैकी जेमतेम तीनशे घेतली. बाकीची सारी पश्चिम जर्मनी, कॅनडा, नेदरलँड्स, बेल्जियम, इटली, जपान अशा देशांसाठी आणि बहुतांशी त्यांच्याच कारखान्यांत परवान्याने तयार झाली. त्यामुळे या विमानाचा खरा इतिहास परदेशी रंगांतच पाहावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

चारही विमानांत समान असलेले काम म्हणजे पंख. लॉकहीडचे रचनाकार केली जॉन्सन यांनी कोरियाच्या युद्धातील वैमानिकांशी बोलून हे विमान आखले, तेव्हा वेग आणि उंची यांसाठी त्यांनी पंख इतका लहान आणि पातळ केला की, खऱ्या विमानाचा पंखविस्तार पावणेसात मीटरही भरत नाही, आणि पंखाची पुढची कड इतकी धारदार आहे की, जमिनीवर असताना जखम होऊ नये म्हणून तिच्यावर संरक्षक आच्छादन चढवावे लागे. मॉडेलमध्ये धड सुमारे 35 सेंटिमीटर लांब आणि दोन्ही पंखांची टोके जेमतेम 14 सेंटिमीटर अंतरावर, असे प्रमाण येते. हे पंख आडवे नसून दहा अंशांनी खाली झुकलेले असतात आणि एका बाजूला अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी समोरून पाहताना तो लगेच खटकतो. म्हणून या वेळी जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापला, धड त्यात उलटे बसवले आणि दोन्ही पंख एकाच वेळी चिकटवून रात्रभर तसेच ठेवले. चारही विमानांना तोच साचा वापरला आणि चौघांचा झुकाव आता एकसारखा आहे. पंखाची पुढची कड 1,000 नंबरच्या पॉलिशपेपरने खालच्या बाजूने घासली. वरच्या बाजूने घासल्यास पॅनेलच्या रेषा पुसल्या जातात.

आमच्या इमारतीत ओझरच्या मिग कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते संध्याकाळी काम पाहायला येतात. त्यांनी हा पंख बोटांच्या चिमटीत धरला आणि विचारले, "अरे, एवढ्याशा पंखात इंधन ठेवायचे कुठे?" प्रश्न अगदी मर्मावर होता. मिग-21 च्या पंखात टाक्या असतात. स्टारफायटरच्या पंखात त्यांना जागाच नाही. सगळे इंधन धडात, चाके धडात, तोफही धडात. म्हणूनच पंखांच्या टोकांना आणि पंखांखाली जादा टाक्या लावल्याशिवाय हे विमान फार लांब जात नसे. कोणत्या देशाने टोकांवर टाक्या लावल्या आणि कोणी विमानांवर मारा करणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे लावली, यावरून त्या देशाला या विमानाकडून काय हवे होते, ते बरेचसे कळते.

स्पेनच्या विमानाचे काम आता पूर्ण आहे. रंग चंदेरी, शेपटीवर पांढऱ्या पट्टीत काळी फुली आणि टोकांना साइडवाइंडर. या चंदेरी रंगाने मात्र मला जुलैभर थांबवून ठेवले. धातूसारखा दिसणारा लॅकर चकचकीत काळ्या अस्तरावर मारावा लागतो. पावसाळ्यात खोलीतील आर्द्रता 85 टक्क्यांवर असताना मी घाई केली आणि दुसऱ्या दिवशी पंखावर दुधाळ पांढरा थर दिसला. हवेतील बाष्प ओल्या लॅकरमध्ये अडकले की असेच होते. तो थर काढण्यासाठी सगळा रंग उतरवून पुन्हा काळ्या अस्तरापासून सुरुवात करावी लागली. दुसऱ्या वेळी उशिरा सुकणारा थिनर वापरला, एअरब्रशच्या नळीत पाणी अडवणारा सापळा बसवला आणि मॉडेल फवारणीच्या आधी व नंतर साठ वॉटच्या दिव्याच्या पेटीत प्रत्येकी एक तास ठेवले. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्या मित्रांनी जून ते सप्टेंबर या काळात धातूरंगाचे काम ठेवूच नये, आणि ठेवल्यास ही पेटी अवश्य करावी.

स्पेनने 1965 ते 1972 या काळात अवघी 21 स्टारफायटर वापरली. माद्रिदजवळच्या तोरेहोन तळावरून त्यांनी सुमारे 17,000 तास उड्डाण केले आणि एकही विमान गमावले नाही. याउलट पश्चिम जर्मनीने 916 विमाने घेतली, त्यांपैकी 292 नष्ट झाली आणि 116 वैमानिकांचा जीव गेला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की, 'विधवा करणारे विमान' हे जर्मनांनी ठेवलेले नाव केवळ या यंत्राला चिकटवणे किती अपुरे आहे ते दिसते. स्पेनने अनुभवी वैमानिकांच्या हाती हे विमान दिले आणि ते ज्या कामासाठी आखले होते तेच, म्हणजे स्वच्छ आकाशात उंचावर शत्रूला गाठण्याचे काम, त्याला दिले.

जर्मन नौदलाचे विमान करताना दुसरी बाजू हाताखालून गेली. पश्चिम जर्मनीला एकच विमान सगळ्या कामांसाठी हवे होते: शत्रूची विमाने अडवणे, टेहळणी, जमिनीवरील हल्ला आणि अमेरिकी ताब्यातील अण्वस्त्रे घेऊन खालून उडत जाणे. त्यासाठी 'जी' ही आवृत्ती तयार झाली. तिचा सांगाडा मजबूत केला, उभी शेपटी मोठी केली आणि नाकात नवे रडार व दिशादर्शक यंत्रणा भरली. उंचावर झेपावण्यासाठी आखलेले विमान त्यामुळे अधिक जड झाले आणि त्याला ढगांखालून, डोंगरांच्या आणि समुद्राच्या अगदी जवळून उडावे लागले. वैमानिकांचे प्रशिक्षण अमेरिकेत ॲरिझोनातील ल्यूक तळावर, वाळवंटाच्या निरभ्र आकाशात होई आणि मग ते उत्तर युरोपच्या धुक्यात आणि पावसात परतत. विमाने उघड्यावर उभी असत, तर देखभालीसाठी अनुभवी माणसे पुरेशी नसत. 19 जून 1962 रोजी, विमानाच्या अधिकृत स्वागतसोहळ्याच्या आदल्या दिवशी, सरावात असलेली चार दोन-आसनी विमाने पश्चिम जर्मनीतील न्योर्फेनिख तळाजवळ एकाच वेळी जमिनीवर आदळली आणि चारही वैमानिक गेले. 1966 मध्ये योहानेस श्टाइनहॉफ हवाई दलाचे प्रमुख झाले आणि त्यांनी प्रशिक्षण, देखभाल व सुरक्षिततेची घडी बसवायला घेतली. पुढे विमानांत मार्टिन-बेकर कंपनीची आसने बसवली गेली, कारण शून्य उंचीवरूनही वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन खालून उडणाऱ्याला अत्यावश्यक होते. म्हणूनच माझ्या मॉडेलमध्ये किटमधील जुने आसन न वापरता रेझिनचे मार्टिन-बेकर आसन बसवले आहे. त्याच्या डोक्यावरील ओढदोऱ्यांची काळी-पिवळी पट्टी सुईच्या टोकाने रंगवण्यात एक अख्खा रविवार गेला आणि त्या रविवारचा मला पुरेपूर आनंद आहे.

नौदलाच्या दोन तुकड्या श्लेस्विग-यागेल आणि एगेबेक या तळांवरून बाल्टिक समुद्रावर उडत. वरून गडद करडा आणि खालून फिकट करडा रंग आहे. सीमारेषा मास्किंग टेपने कडक ठेवली. पंखांखाली कॉर्मोरान ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रे लावायची असल्याने मी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातील विमान निवडले. ही क्षेपणास्त्रे किटमध्ये नाहीत. प्लॅस्टिकच्या नळीवर, पातळ पत्र्यातून कापलेले छोटे पंख चिकटवून ती घडवली. दोन्हींचे पंख एकाच कोनात बसवण्यासाठी कागदावर अधिकचे चिन्ह काढून नळी त्यावर उभी धरावी. ही साधी युक्ती फार उपयोगी पडते.

डेन्मार्कच्या विमानाबद्दल थोडक्यात. डॅनिश हवाई दलाने आल्बोर्ग तळावर 1986 पर्यंत स्टारफायटर ठेवले आणि नंतरच्या काळात त्यांना सर्वांगी एकच गडद हिरवा रंग दिला. हा रंग समुद्राच्या वाऱ्यात विटून, सोलून निघे, त्यामुळे छायाचित्रांत कोणतीही दोन विमाने सारखी दिसत नाहीत. हिरव्याच्या चार छटा पातळ करून डागांसारख्या फवारल्या आहेत. डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा, संच मात्र जुना निघाला आणि पहिलेच राष्ट्रचिन्ह पाण्यात टाकताच त्याचे तुकडे झाले. उरलेल्या डिकलवर पारदर्शक लॅकरचे दोन हात मारून वाळवले आणि मग प्रत्येक आकृती कडेने कापून वापरली. आता ती टिकत आहेत. ज्यांच्याकडे दहा वर्षांहून जुने संच आहेत, त्यांनी आधी एखादी नको असलेली आकृती भिजवून पाहावी.

पाकिस्तानच्या विमानाला मी सर्वांत अधिक वेळ देणार आहे. पाकिस्तानला 1961 मध्ये एफ-104ए ही मूळ आवृत्ती मिळाली: दहा एक-आसनी आणि दोन दोन-आसनी विमाने, सगळी क्रमांक 9 च्या स्क्वाड्रनमध्ये. ए आवृत्तीची उभी शेपटी लहान असल्याने 'जी'चे किट येथे चालत नाही. मी हासेगावा या जपानी कंपनीचे एफ-104सी किट घेतले आहे, कारण त्यात लहान शेपटी येते आणि हवेत इंधन घेण्याची नळी न लावता सोडता येते. धड जोडून झाले आहे, नाकाच्या खालची फट भरली आहे, आणि टोकांवर साइडवाइंडरच्या पट्ट्या बसवल्या आहेत.

या विमानाशी आपल्याकडचा एक धागा जोडलेला आहे. भारताने मिग-21 साठी सोव्हिएत संघाशी 1962 मध्येच करार केला होता. तरी चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण मे 1964 मध्ये वॉशिंग्टनला गेले, तेव्हा भारताच्या मागण्यांत स्टारफायटर होते. अमेरिकेने ते देण्यास तयारी दाखवली नाही. त्याच दौऱ्यात 27 मे रोजी पंडित नेहरूंचे निधन झाले आणि चव्हाणांना परतावे लागले. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि मिगच्या भारतातील उत्पादनाला सोव्हिएत साहाय्याचे बळ मिळाले. नाशिकजवळ ओझरचा कारखाना उभा राहिला तो याच काळात, आणि चव्हाण तेव्हा लोकसभेत नाशिकचेच प्रतिनिधी होते. शेजारच्या काकांची सारी नोकरी त्या निर्णयाच्या छायेत गेली, हे त्यांनाही माझ्या टेबलापाशी बसूनच प्रथम कळले. ते बराच वेळ हातातील धडाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे आले असते, तर आम्ही याचेच रिव्हेट मारले असते."

1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात पाकिस्तानची ही विमाने संख्येने थोडी असूनही रडारमुळे रात्रीच्या अडवणुकीसाठी आणि दिवसा भारतीय वैमानिकांना दबावात ठेवण्यासाठी वापरली गेली. 12 डिसेंबर 1971 रोजी जामनगरवर चालून आलेल्या एका स्टारफायटरचा 47 व्या स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी मिग-21 मधून पाठलाग केला आणि कच्छच्या आखातावर तोफेने ते पाडले. त्यातील विंग कमांडर मर्विन मिडलकोट समुद्रावर बाहेर पडले, पण ते सापडले नाहीत. ते पाकिस्तानच्या हवाई दलात मान असलेले वैमानिक होते. त्यांच्या शेवटच्या उड्डाणाचे विमान मी करणार नाही. 1960 च्या दशकातील शांततेच्या दिवसांतले, शेपटीवर हिरवे-पांढरे निशाण असलेले विमान करतो आहे. त्याच्या शेजारी त्याच प्रमाणातले मिग-21एफएल ठेवायचे, असे काकांशी ठरले आहे, आणि त्याच्या पोटाखालील तोफेची पेटी कशी बसते ते मला तेच दाखवणार आहेत.

पुढील नोंदीत कॅनडाचे विमान घेईन. सुरुवातीच्या काळात कॅनडाने केवळ अण्वस्त्र हल्ल्यासाठी हे विमान ठेवले आणि तोफ काढून त्या जागी इंधनाची टाकी बसवली होती. त्यामुळे धडाच्या डाव्या बाजूचे तोफेचे तोंड बुजवावे लागेल. त्या खाचेत प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून ठेवली आहे. आठवडाभर ती पूर्ण वाळू देईन आणि मगच घासायला घेईन. चंदेरी रंगाची गरज असलेले पाकिस्तानचे विमान दिवाळीपर्यंत अस्तराच्या पलीकडे जाणार नाही. तोवर हवा कोरडी होईल.