सहीवाला फोटो आणि त्यावरचं दुसऱ्याचं नाव

जुन्या नटनट्यांचे सहीचे फोटो जमवणाऱ्यांच्यात एक नियम आहे. फोटोवर नुसती सही असली की भाव चढतो आणि 'अमुक अमुक यांस सप्रेम' असं कुणाचं नाव घातलेलं असलं की भाव पडतो, का तर दुसऱ्याच्या नावाचा फोटो आपल्या हॉलमध्ये कोण लावणार. मला हे अजिबात पटत नाही. पण ह्याच नियमामुळं माझ्या पगारात हा नाद परवडतो, त्यामुळं फार जोरात बोलत नाही एवढंच.

आता कोल्हापूरचं कसं आहे बघा. दुसरीकडं सही घेणारा म्हणजे फॅन, गर्दीत वही पुढं करणारा. आपल्याकडं सिनेमा गल्लीतच तयार होत होता. बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये सैरंध्री हा सिनेमा काढला, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथं निघाली, १९३२ चा त्यांचा अयोध्येचा राजा इथलाच, मग १९३३ मध्ये प्रभातवाले पुण्याला गेले तरी जयप्रभा आणि शालिनी हे स्टुडिओ होतेच की. म्हणजे सुतार, शिंपी, रंगारी, लाईटवाले, जेवणाचे डबे पोचवणारे सगळे आपल्याच पेठेतले. त्यांना सही मागायला लागत नव्हती, काम झालं की कुणीतरी फोटोवर चार ओळी लिहून हातात द्यायचं आणि तो फोटो घरी दत्ताच्या तसबिरीच्या मागं जाऊन बसायचा. घर पाडलं, वाटण्या झाल्या की तोच रद्दीत येतो.

माझ्याकडं असा एक आहे. लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात एकाच्या पोत्यात जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका आणि त्यात हा. त्यानंच आपणहून सांगितलं, "ताई, कुनाचं तरी नाव हाय ह्याच्यावर, काय द्यायचं ते द्या." मी तोंड एकदम कोरडं ठेवलं आणि पैसे दिले. नट कोण ते लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना अजून विचारायचंय. पण मजकूर असा की एका शिंप्याचे अंगरखा छान बसल्याबद्दल आभार मानलेत आणि त्याच ओळीत उरलेलं कापड परत मागितलंय! आता मला सांगा, नुसत्या सहीत हे सापडलं असतं का?

खोट्याचं विचाराल तर भरपूर आहे, आणि ऑनलाईन तर विचारूच नका. आधी भिंग घ्या. सही बारीक बारीक ठिपक्यांची दिसली तर ती छापलेली आहे, विषय संपला. सही भिंगातून सुद्धा फोटोच्या आतच दिसत असेल, वर शाई अशी काही नसेलच, तर सही केलेल्या फोटोचा परत फोटो काढून कॉप्या मारल्यात. खरी शाई वर बसते, फोटो तिरका धरला की तिची चमक वेगळी कळते, बॉलपेन असेल तर मागून बोटाला उठाव लागतो. मग पेन बघायचं. नट-दिग्दर्शक मास्टर विनायक १९४७ ला गेले, त्यांची सही चंदेरी मार्करनं कशी असेल हो? पण विकायला ठेवतात आणि लोक घेतात पण. कागद पण बोलतो. मागची बाजू प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असेल तर तो साधारण सत्तरच्या आसपास आणि नंतर रुळलेला कागद, चाळीस सालचा फोटो त्याच्यावर असूच शकत नाही. नोटा तपासायची निळी टॉर्च मिळते ना, ती मारायची, जुना कागद मंद राहतो आणि पन्नास सालानंतरचे बरेच कागद पांढरेनिळे लखलखतात. ही टॉर्च घेऊन बाजारात फिरताना लोक माझ्याकडं इन्कम टॅक्सवाली आल्यासारखं बघतात ते सोडा.

सही जुळवून बघायला दुसरी खात्रीची सही लागते. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरेंचं बरं आहे, राजारामपुरीत त्यांचं संग्रहालय आहे, चित्रं बघता येतात. फक्त चित्रावर ब्रशनं सावकाश केलेली सही आणि मेकअप पुसता पुसता पेननं केलेली सही एकसारखी येणार नाही, हे डोक्यात ठेवायचं. आणि ते आणि त्यांचे नट भाऊ सूर्यकांत, दोघं मूळचे गोपाळ आणि वामन, चंद्रकांत आणि सूर्यकांत ही पडद्याची नावं, त्यामुळं कुठल्या कागदावर कुठलं नाव येईल तेही बघायचं. फारच रेखीव, एकसारख्या पाच सह्या एका विक्रेत्याकडं दिसल्या की मी पुढं निघते.

पण सगळ्यात डोकं फिरतं ते नाव खरवडणाऱ्यांवर. भाव वाढावा म्हणून ब्लेडनं 'चि. अमुक' खरवडून टाकतात, सही तेवढी ठेवतात. उजेडात तिरकं धरलं की तिथली चकाकी गेलेली असते, मॅट डाग दिसतो. पन्नास-साठ वर्षं ज्यानं सांभाळलं त्याचंच नाव काढायचं, काय म्हणायचं ह्याला.

दुसरा राग लॅमिनेशनवर. फोटो जपायचाय म्हणून प्रेमानं लॅमिनेट करतात आणि गरम रोलरखाली कायमचा घालवतात, परत निघत नाही तो. चिकट पानांचे अल्बम पण तसलेच. साधा पॉलिस्टरचा पारदर्शक पाऊच, सिलिका जेलच्या पुड्या, मागं काही लिहायचं तर पेन्सिलनं हलक्या हातानं, बास. इथला पाऊस बुरशीला आमंत्रणच आहे. २०१९ च्या पुरात किती घरांतले अल्बम गेले असतील कल्पना करवत नाही, आणि भिजलेला गठ्ठा लोक उन्हात वाळवायला टाकतात, मग सगळे एकमेकांना चिकटून वीट होते. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करायचे आणि एकेक पसरून सावलीत वाळवायचे. आधीच कमी राहिलंय ओ, १९४८ ला जयप्रभाला आग लावली त्यात किती काय गेलं.

तर तो शिंप्याचा फोटो. एका ओळखीच्या संग्राहकानं चांगली किंमत सांगितली, म्हणाला फ्रेममधला पुठ्ठ्याचा माउंट असा कापू की खालचा मजकूर झाकला जाईल. मी म्हटलं मग घेतोयस कशाला. नाही दिला. सध्या त्या शिंप्याची नातवंडं शोधायचं चाललंय, महाद्वार रोडपासून मंगळवार पेठेपर्यंत विचारत फिरले, आणि झालंय असं की त्या आडनावाची शिंप्यांची दोन घरं निघाली, दोघंही म्हणतात आमचेच आजोबा. खरं कुणाचे ते अजून ठरेना, पण विचारल्यावर दोन्ही घरांतनं पहिलं उत्तर एकच आलं, कापड परत दिलं होतं.