आमची वाटचाल : दुनळीच्या बुडाशी दडलेलं साल

कोल्हापुरात आजोबांनी बंदूकदुरुस्तीचं दुकान थाटलं तेव्हा काम होतं ते शिकारीचं. संस्थानी शिकारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली ते शिकले होते. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकाऱ्यांची वर्दळ थांबली. आबांनी, म्हणजे वडिलांनी, दुकान तगवलं ते पीकसंरक्षणाच्या परवान्यांवर. आजरा, चंदगड, भुदरगडकडचे शेतकरी, रानडुकरांनी वैतागलेले. निवडणूक लागली की बंदुका जमा होतात. त्या परत मिळाल्या की तेलपाण्यासाठी लोक आमच्याकडे येतात, तोही एक हंगामच.

माझ्या काळात मात्र दुकानाची ओळख झाली ती जुन्या दुनळ्यांचं, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकांचं, वय सांगण्यामुळे. गिऱ्हाईक आल्या आल्या सांगतं, "अण्णा, महाराजांच्या वेळची हाय ही!" पुरावा काय, तर नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेलं नाव. आमच्याकडं बऱ्याचदा 'रॉडा आणि कंपनी, कलकत्ता' येतं. ऑगस्ट १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी माउझर पिस्तुलं पळवली ती याच कंपनीच्या मालातली. हे सांगितलं की मालकाची छाती फुगते. पण रॉडा हे विक्रेते. त्यांच्या नावाची दुनळी बर्मिंगहॅमात घडलेली असू शकते, त्यामुळे पट्टीवरच्या नावावरून साल ठरवायचं नाही.

आम्ही पुढचं लाकूड काढतो, बंदूक उघडायचा खटका दाबून नळ्या उतरवतो आणि त्या उलट्या करतो. बुडाच्या सपाट भागावर चाचणीघराचे, म्हणजे नळी दाब सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात. तेलाच्या फडक्यानं पुसायचे, घासायचे नाहीत. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड असतील तर बर्मिंगहॅमची १९०४ पूर्वीची नळी. मुकुटाखाली बीपी, बीव्ही असेल तर त्यानंतरची. 'नॉट फॉर बॉल' दिसलं तर १८७५ ते १८८७ च्या दरम्यानची, आणि नळीला चोक आहे, म्हणजे तोंडाशी ती किंचित अरुंद आहे. अंडाकृतीत ईएलजी म्हणजे बेल्जियमचं लिएज. वर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. नळ्या नंतर बदललेल्या असू शकतात, म्हणून पेटीवरचा (नळ्या जिथं बसतात त्या भागावरचा) आणि नळीवरचा क्रमांक जुळतो का तेही बघायचं.

सालापेक्षा मला नळीच्या बुडाशी असलेल्या काडतुसाच्या घराची लांबी जास्त महत्त्वाची वाटते. जुन्या बाराबोअरची घरं बहुतेक अडीच इंचांची, म्हणजे साधारण ६५ मिमी. त्यात ७० मिमीचं काडतूस गुमान बसतं, कारण लिहिलेली लांबी उडाल्यावर उघडलेल्या पुंगळीची असते. उडवल्यावर तोंड उघडतं ते पुढच्या निमुळत्या भागात आणि दाब वाढतो. "बसतंय की!" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्यांना पीळ देऊन केलेली दमास्कस नळी असेल आणि आजच्या काडतुसांतल्या धूररहित दारूच्या चाचणीचा ठसा नसेल, तर आम्ही दुरुस्त करून वापरायला देत नाही. ती भिंतीला शोभते. यावरून गिऱ्हाईकं रागावून गेलीत, जाऊ देत.

दुरुस्ती म्हणाल तर सर्वांत जास्त येतं ते दस्त्याला मनगटाजवळ, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाजवळ, गेलेली चीर आणि सैल झालेलं सांध्याचं बिजागर. नळ्यांमधल्या पट्टीचं झाळण सुटलंय का हे ओळखायला आबांची रीत अजून तीच आहे : नळ्या आकड्याला लोंबकळत धरायच्या, नखानं टिचकी मारायची. घंटेसारखा लांब आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आत गंज शिरलाय समजायचं.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. त्यानंतर वारसाहक्काच्या दुनळ्या विकायला किंवा जमा करायला येणाऱ्यांची रांग लागली. विकण्याआधी बुडाचे ठसे दाखवून न्या; त्याचे आम्ही पैसे घेत नाही. फक्त परवान्याची मूळ प्रत सोबत आणा, आणि घरून निघताना बंदूक रिकामी आहे ना, ते दोन्ही नळ्यांत बघून घ्या.