पुणे ते मालवण, फिरत्या घरातून: दहा दिवसांत काय काय निखळलं

केळशीला रात्री दीड वाजता फ्रिज बंद पडला. आत सकाळी श्रीवर्धनच्या बाजारात घेतलेली दोन किलो सुरमई. बॅटरीचा मीटर ८७ टक्के दाखवत होता, दिवे लागत होते, पंखा फिरत होता, फक्त फ्रिजवर लाल दिवा लुकलुकत होता. बाबा ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात होते. ते उठून बसले आणि म्हणाले, "फ्रिजला हात लावू नकोस. त्याच्यापर्यंत काय पोचतंय ते बघ."

ही गोष्ट पुढे सांगतोच, कारण सगळ्या सहलीत तीच सगळ्यात जास्त शिकवून गेली. आधी गाडीची ओळख. २०१७ ची सेकंडहँड मिनीबस. आत दोन पलंग, ओटा, फ्रिज, १०० लिटर पिण्याच्या पाण्याची टाकी, पोटाखाली ६० लिटरची सांडपाण्याची टाकी, २०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि छतावर ४०० वॅटचं सोलर. आतलं काम एका फॅब्रिकेटरने केलं. स्वतःची गाडी अशी बदलून घेणार असाल तर सीटा काढायच्या आधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल परवानगी घेऊन आरसीवर नोंदवावे लागतात. नोंद नसेल तर अपघातानंतर विमावाले हात वर करायला मोकळे.

रस्ता असा: पुणे, ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून जेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) वेश्वी, केळशी, हर्णै, दाभोळहून जेटीने धोपावे, गुहागर, तवसाळहून जेटीने जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. येताना फोंडा घाट चढून राधानगरी, कोल्हापूर आणि हायवेने घरी. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. गाडीत बाबा, बायको, मी आणि आठवीतली मुलगी.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर नेली. हे शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, टाळू नका. नुसतं एकूण वजन घेऊ नका, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. मागच्या अॅक्सलवर किती येतं ते वजाबाकीने कळतं. आमचं एकूण वजन आरसीतल्या मर्यादेत होतं, मागचा अॅक्सल मात्र १४० किलोने जास्त. टाकी, गॅस, बॅटरी, भांडी, सगळं मागेच! बाबांनी त्यावर एक साधा तोडगा काढला. पाण्याच्या टाकीत पुण्याहून फक्त २० लिटर घ्यायचं, बाकीचं घाट उतरल्यावर माणगावात भरायचं. ८० लिटर म्हणजे ८० किलो, आणि उतारावर ते सगळं ब्रेकच्या मानगुटीवर बसतं. राहिलेल्या ६० किलोंसाठी टूलबॉक्स, तांदूळ आणि पाण्याचे कॅन पुढच्या सीटमागे आले.

तरी ताम्हिणीत ब्रेकचा वास आलाच. चूक माझी. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा हे लहानपणापासून ऐकलंय, पण मागून हॉर्न वाजले की पाय आपोआप ब्रेकवर जातो. वास आला तर सपाट जागा बघून थांबा, चाकांना दगड लावा आणि अर्धा तास चहा प्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. मागच्यांना पुढे जाऊ द्या. आपलं घर सोबत आहे, पोचायची घाई त्यांना आहे.

आता केळशी. बाबांनी मल्टिमीटर मागितला. (साध्या डिजिटल मीटरला चारशे-पाचशे रुपये पडतात. गाडीत एकच अवजार ठेवायचं असेल तर हे ठेवा.) बॅटरीच्या टोकांवर १३.२ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. फ्रिजच्या प्लगपाशी, फ्रिज चालू करायचा प्रयत्न करत असताना, ११.२. दोन व्होल्ट वाटेतच गायब. फ्रिज बंद ठेवून मोजलं असतं तर दोन्हीकडे १३.२ च दिसलं असतं आणि आम्ही फ्रिजच्या नावाने बोटं मोडली असती. त्यामुळे व्होल्ट नेहमी लोड चालू असताना मोजा. वायरीत करंट वाहत नसेल तेव्हा कुजका जोडही चांगलाच दिसतो.

मग चोर कुठे बसलाय ते शोधायचं. मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसला, दुसरी फ्रिजच्या प्लसला: ०.४ व्होल्ट. तशीच मायनसला: १.६. म्हणजे रोग मायनसच्या बाजूला. फॅब्रिकेटरने मायनसची वेगळी वायर न ओढता फ्रिजची मायनस गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडली होती, आणि ती रंगावरच आवळलेली! रंगातून वीज जात नाही, जी काही जात होती ती बोल्टच्या आट्यांतून. त्यात पावसाळाभर गाडी उघड्यावर आणि आता खारी हवा. फ्रिज पाच अँपिअर ओढतो. १.६ गुणिले ५, म्हणजे त्या एका बोल्टवर आठ वॅट नुसते तापण्यात चालले होते. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट क्षणभर आणखी वाढतो, व्होल्ट आणखी पडतो आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली.

रात्री पावणेतीनला डोक्यावर टॉर्च बांधून मी गाडीखाली. बोल्ट काढला, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही सँडपेपरने चकचकीत घासले, पुन्हा आवळलं, वरून पेट्रोलियम जेली थापली. फ्रिजपाशी १२.७. कॉम्प्रेसर घुरघुरला. सुरमई वाचली. दुसऱ्या दिवशी उजेडात असे पाच बोल्ट सापडले, त्यातले तीन रंगावरच बसवलेले. घरी आल्यावर फ्रिज आणि पंप दोघांना मायनसची स्वतंत्र जाड वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली. नवीन काम करून घेणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच ठणकावून सांगा.

विजेचंच आणखी थोडं. इन्व्हर्टर १००० वॅटचा असेल तर १२ व्होल्टला ८३ अँपिअर होतात, त्याच्यातली घट धरली तर नव्वदच्या पुढे. त्याला घरातली दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची वायर चालत नाही. आमची २५ ची आहे, लांबी दीड मीटर. मोठा फ्यूज बॅटरीला खेटून असावा, इन्व्हर्टरपाशी नाही, कारण फ्यूज वायरीला वाचवायला असतो आणि वायर घासली जाते ती मधेच कुठेतरी. कोकणात मुक्काम बहुतेक होमस्टेच्या अंगणात पडतो, तिथे घरमालकाच्या प्लगला जोडायच्या आधी सॉकेट टेस्टर लावून फेज, न्यूट्रल, अर्थिंग जागेवर आहेत का बघा. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं. गाडीत आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेलं ठेवून लोड दिला तर आतल्या आत तापतं. चार्जरशिवाय काही लावू नका, आणि निघताना विजेचे पैसे आपणहून विचारा. आम्ही रात्रीचे तीनशे देत होतो, जागा आणि पाणी धरून.

दाभोळच्या जेटीला नवी गंमत. ओहोटी होती. भरतीला गाडी जवळजवळ सपाटच बोटीत शिरते. ओहोटीला उतार लांब, खालचा भाग शेवाळलेला, आणि बोटीची फळी जिथे टेकते तिथे कोन पडतो. आमच्या गाडीची शेपटी मागच्या चाकांच्याही बरीच मागे जाते. पलीकडे धोपाव्याला उतरताना खाली करकर वाजलं आणि सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह तुटून लोंबायला लागला. मुलीने मागच्या खिडकीतून जाहीर केलं, "आपलं बेसिन रस्त्यावर सांडतंय." बेसिनचं पाणी होतं, संडासाचं नाही. ते वेगळ्या पोर्टेबल डब्यात असतं आणि फक्त होमस्टेच्या सेप्टिक टँकच्या संडासात, मालकाला विचारून रिकामं होतं. खाडीत कधीच नाही.

इथे फॅब्रिकेटरचा एक निर्णय कामी आला, त्याचंही श्रेय द्यायला हवं. त्याने सगळी प्लंबिंग साध्या अर्धा इंची आणि एक इंची पाइपात केली होती. परदेशी कॅराव्हॅनमध्ये असतात ते झटकन बसणारे जोड मलाही हवे होते, त्याने नको म्हटलं होतं. गुहागरच्या हार्डवेअरच्या दुकानात एक इंची बॉल व्हॉल्व्ह, कपलर आणि सोल्व्हंट मिळून दोनशेच्या आत काम झालं. नवा व्हॉल्व्ह टाकीच्या बाजूला, चार बोटं वर घेतला. तुमच्या गाडीतली जी वस्तू तालुक्याच्या गावात मिळत नाही, तिचा एक जादा नग बरोबर असलाच पाहिजे. आमच्याकडे अशा तीनच निघाल्या: पाण्याचा पंप, मोठा फ्यूज आणि छतावरच्या पंख्याची मोटर. जेटीच्या दिवशी सकाळी भरती-ओहोटीची वेळ बघा, नाहीतर दुकानातल्या कोणालाही विचारा, तोंडपाठ असते.

पंपाचं एक लक्षात ठेवा. नळ बंद असताना पंप गप्प हवा. रात्री मधूनच 'टुक' करून दोन सेकंद चालला, पुन्हा गप्प, पुन्हा टुक, असं होत असेल तर कुठेतरी पाणी झिरपतंय, किंवा पंपाच्या झडपेत कचरा आहे. आमच्या जाळीत विहिरीच्या पाण्यातली बारीक रेती बसली होती. पंपाआधीची जाळी दर तिसऱ्या दिवशी धुवा. सहलीआधी टाकी निर्जंतुक करायला १०० लिटरला साधारण १०० मिलिलिटर सुगंध न घातलेलं साधं ब्लीच (पाच टक्क्यांचं) टाका, सगळे नळ उघडून ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा आणि मग दोनदा स्वच्छ धुऊन टाका.

गणपतीपुळ्याला अवकाळी सर आली आणि बायकोच्या पायावर थेंब पडायला लागले. थेंब पलंगावर पडत होता, भोक होतं पाच फूट पुढे, छतावरच्या पंख्याच्या चौकटीत. पाणी पत्र्याच्या पन्हळीतून वाहत आलं होतं. गळतं तिथे खालून काही फासत बसू नका. छतावर चढून चढाच्या बाजूने प्रत्येक भोक, प्रत्येक स्क्रू तपासा. चौकटीला साधं सिलिकॉन लावलेलं होतं आणि ते एका कडेने सुटलं होतं. सिलिकॉनचा त्रास असा की एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. रत्नागिरीत मोटारीच्या काचा बसवणाऱ्याकडे गेलो. काचेला वापरतात तेच पॉलियुरेथेन सीलंट हवं होतं, त्याने एक नळी दिली आणि नोझल कसं कापायचं तेही दाखवलं. प्लास्टिकची ब्लेड, स्पिरिटने पुसणं, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, आणि लावल्यावर २४ तास गाडी पावसात नाही. तो एक दिवस थिबा पॅलेस आणि भगवती बंदरावर गेला, तक्रार नाही.

गॅस थोडक्यात, पण गंभीरपणे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, आणि ते चपलांनी बुजलेलं नको (आमचं होतं). आयएसआय मार्कची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच असते. गाडी चालू होण्याआधी सिलिंडरपाशीच बंद. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, दर मुक्कामी.

टायर घासून संपायच्या आधी म्हातारे होतात, कारण अशी गाडी वर्षात फार तर चार महिने चालते. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आमचे पुढचे दोन त्याच वर्षाचे होते, बाजूला बारीक भेगाही. मालवणात हवा भरायला थांबलो तेव्हा दुकानदाराने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, "ह्या घर की गाडी ओ?" असं विचारलं आणि मग त्या भेगांवर अंगठा ठेवून नुसती मान हलवली. कोल्हापुरात पोचल्यावर पहिलं काम ते केलं, तांबडा-पांढरा नंतर.

परत आल्यावर अख्खा रविवार गाडी पोटाखालून गोड्या पाण्याने धुण्यात गेला. चाकांच्या कमानी, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे हँगर, सोलरच्या चौकटीचे स्क्रू. किनाऱ्यावर वाळूत आम्ही गाडी घातली नव्हती (घालूच नका, रुतली तर ट्रॅक्टर शोधत बसाल), तरीही पाण्याबरोबर मिठाचा पांढरा थर निघत होता. बाबा खुर्ची टाकून बसले होते आणि एकेका नटाकडे बोट दाखवत होते. सतरा सैल निघाले. अठरावा त्यांच्याच खुर्चीचा होता.